अँबेसेडर मार्क टू, इंजिन बे: रंग लांबला, ओघळ सापडला

अँबेसेडरच्या इंजिनावरचा तेलाचा ओघळ कुठून येतो ते सापडलं! आणि आपण सगळे जिथे बोट दाखवत होतो, त्या रॉकर कव्हरला (इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण) तो नव्हताच.

इंजिन ब्लॉकची डावी बाजू खरवडून, धुऊन रंगासाठी तयार होती. पण गाडी जरा फिरवून आणली की बेल हाउसिंगच्या (इंजिनामागचं क्लचचं घर) वर काळी रेघ हजर. रॉकर कव्हरचं पॅकिंग बदललं, तरी रेघ जागच्या जागी. तेलकट बिडावर रंग धरत नाही, त्यामुळे इनॅमलचा डबा अजून उघडलेलाच नाही.

शेवटी जुनी युक्ती केली. ब्लॉक थिनरने पुसून कोरडा केला, त्यावर साधी टाल्कम पावडर उडवली आणि इंजिन गरम होईपर्यंत आयडलवर ठेवलं. मग टॉर्च घेऊन मॅनिफोल्डच्या (हवा आत आणि धूर बाहेर नेणाऱ्या नळ्या) मागे डोकावलो. रॉकर कव्हरखालची पावडर कोरडी ठणठणीत. ओल सुरू होत होती मागच्या साइड कव्हरच्या खालच्या कडेला.

आपल्या १४८९ सीसी बी-सिरीज इंजिनाला टॅपेट चेंबरवर (व्हॉल्व्ह हलवणारे टॅपेट असतात तो कप्पा) पत्र्याची दोन झाकणं, तीच ही साइड कव्हरं, प्रत्येकाला मधोमध एकच बोल्ट. गळायला लागलं की मिस्त्री तो बोल्ट आणखी आवळतो. मधला पत्रा आत जातो, कडा उचलली जाते, गळती वाढते. मग पुन्हा पाना. माझं झाकण तर बशीसारखं खोल झालं होतं. वर कुणीतरी सिलिकॉनचा जाड थर थापलेला. सिलिकॉनवर माझा राग जुनाच आहे: बाहेर दिसतं तेवढंच आतही पिळून निघतं, आणि तो तुकडा कधी ऑइल स्ट्रेनरला (तेलाची जाळी) जाऊन बसेल याचा नेम नाही.

तिथे हात घालायचा म्हणजे कार्ब्युरेटर, मॅनिफोल्ड सगळं खाली. स्टडना आदल्या रात्री पेनिट्रेटिंग ऑइल पाजलं होतं, एकही तुटला नाही. याबद्दल स्वतःला एक कटिंग पाजला!

झाकण लोखंडी प्लेटवर उलटं ठेवून लाकडी हातोड्याने कडा सरळ केली. आता जाड काचेवर ठेवलं तर डुगडुगत नाही. कॉर्कचं पॅकिंग दुकानात पडून वाळतं, आक्रसतं, म्हणून आधी कोमट पाण्यात भिजवलं. ते चिकटवायचं फक्त झाकणाला. ब्लॉकच्या बाजूला नुसतं ग्रीसचं बोट, आणि बोल्टखाली नवा वॉशर. कॉर्क जरासा दबला की पाना खाली.

बसवायच्या बेतात होतो, तेवढ्यात पुढच्या झाकणाची ब्रीदर पाइप फुंकून पाहिली. बंद! आत गाळ घट्ट. क्रँककेसमधल्या (इंजिनाच्या पोटातल्या) वाफेला वाट नसेल तर ती कुठल्याही पॅकिंगमधून तेल ढकलणारच. म्हणजे झाकण सरळ करूनही काही दिवसांत रेघ परत आली असती. पाइप सध्या रॉकेलमध्ये भिजत पडली आहे.

कार्ब्युरेटर हातात होताच, म्हणून त्या एसयू बनावटीच्या कार्ब्युरेटरच्या सक्शन चेंबरचं (वरची घुमटी) अ‍ॅल्युमिनियम उजळून घेतलं. आठशे, मग बाराशेचा वॉटर पेपर, शेवटी ब्रासो आणि जुनी बनियन. फक्त बाहेरून बरं का. आतली भिंत आणि पिस्टन यांची जोडी मोजून जमवलेली असते, तिथे पेपर फिरवला तर कार्ब्युरेटरचं तंत्र बिघडलंच. वॉशिंग सेंटरचा स्वस्त फोम यापासून लांब ठेवा. कॉस्टिक असेल तर अ‍ॅल्युमिनियम राखाडी पडतं. डिझेलचा फवाराही मला पटत नाही. तासभर चमकतं, मग पुण्यातली सगळी धूळ तिथेच येऊन बसते, आणि रबरी होज फुगतात ते वेगळंच.

ठरलं होतं की या रविवारी ब्लॉक रंगवायचा. पण मॅनिफोल्ड बाहेर आहेच, तर सँडब्लास्ट करून त्यावर हाय-टेंपरेचर रंग का मारू नये? ब्लॉकला नवा रंग आणि शेजारी गंजका मॅनिफोल्ड, हे काही बघवणार नाही. ब्लास्टिंगला देण्याआधी मॅनिफोल्डच्या फ्लँजवर (इंजिनाला टेकणारी सपाट कडा) पट्टी लावून बघेन. वाकला असेल तर आधी फेसिंग, म्हणजे ती कडा घासून सपाट करणं. म्हणजे इनॅमलचा डबा आणखी थांबला.

रविवारी जुन्या बाजारात चक्कर आहेच. कुणाकडे मार्क टूचं न दबलेलं मागचं साइड कव्हर पडून असेल तर सांगा. माझं सरळ केलेलं चालेल, पण पत्रा एकदा ताणला गेलाय, त्याच्यावर माझा पूर्ण भरवसा नाही.