हरळी पेरायलास?

अण्णांनी पाकिटातलं चिमूटभर बी तळहातावर घेतलं, हलकी फुंकर मारून फोलपट उडवलं आणि चष्मा कपाळावर चढवला. जवळचं बघायचं असलं की ते चष्मा वर करतात.

"कशाचं म्हणालास?"

"बर्म्युडा ग्रास. लॉनसाठी."

"हरळी हाय ही."

मी हो म्हणालो. नाही म्हणायला जागाच नव्हती. शास्त्रीय नाव एकच, सायनोडॉन डॅक्टिलॉन. पाकिटात ती बर्म्युडा, शेतात हरळी आणि गणपतीपुढं दूर्वा.

"केवढ्याला?"

"साडेसहाशे. अर्धा किलो."

अण्णा काही बोलले नाहीत. उठून आत गेले. स्वयंपाकघरात आईला म्हणाले ते मात्र मला ऐकू आलं, "तुझं पोरगं पैसे देऊन हरळी पेरायलंय."

त्यांचा जीव का तुटला ते मला कळत होतं. औसा तालुक्यातल्या आमच्या काळ्या रानात हरळी आणि कुंदा या दोन तणांशी अण्णांनी सारी हयात भांडण्यात घालवली. नांगरट झाली की भर उन्हात ढेकळं फोडत मुळ्या वेचायच्या, बांधाबाहेर ढीग करून वाळवायच्या आणि मग पेटवायच्या. शाळेला सुट्टी लागली की आम्हीही त्या कामाला. "एक कांडं राहिलं तरी पुढच्या मिरगाला आपली आठवण काढतंय," असं ते म्हणत. गणेश चतुर्थीच्या सकाळी मात्र त्याच अण्णांची आई आम्हाला परडी घेऊन पिटाळायची, एकवीस जुड्या आणायला. बांधाच्या आत हरळी, बांधावर दूर्वा. लहानपणी मला त्या दोन वेगळ्या वनस्पती वाटत.

लातूरला घर बांधलं तेव्हा पुढं वीस बाय वीसचं अंगण सोडलं होतं. तिथं नर्सरीतून गवताचे चौकोन आणून फरशीसारखे अंथरले. खाली लाल मातीचा थर, वर मऊशार हिरवं. तीन-चार वर्षं येणारा-जाणारा चप्पल काढून त्यावर पाय ठेवायचा. मग 2016 चा उन्हाळा आला. मिरजेहून रेल्वेनं पाणी आणून शहराला पाजावं लागलं, त्या दिवसांत गवताला पाइप लावायची हिंमत कुणाला होणार? धुण्याचं पाणी आम्ही कढीपत्ता आणि तुळशीपुरतं पुरवलं. लॉन आधी पिवळं, मग करडं झालं, मग ते गोधडीच्या उसवलेल्या कापसासारखं भुरभुरलं. पुढं पाऊस चांगला झाला, पण ते गवत काही परत आलं नाही. त्याच्या जागी न बोलावता आली ती हरळी, पुंजक्यापुंजक्यानं. आणि लव्हाळा. उरलेली जमीन स्कूटर लावून लावून रस्त्यासारखी टणक झाली.

यंदा ठरवलं की जुनं काढून नव्यानं बी टाकायचं. व्हिडिओत सगळं काम एका रविवारचं दिसत होतं. मला सात आठवडे लागले.

पहिली कुदळ मारली ती टण्ण करून उडाली. काळी माती एप्रिलमध्ये कशी असते हे शेतकऱ्याच्या मुलानं विसरावं, ही शरमेचीच गोष्ट. "वापसा नको का?" अण्णा ओट्यावरून म्हणाले. वापसा या शब्दात सगळं शेतीशास्त्र आहे. फार ओलं असताना खणलं की काळीचे गोळे निघतात आणि वाळून दगड होतात, कोरडं असताना खणलं की मनगट जातं. रात्री थोडं पाणी सोडलं, दोन दिवस थांबलो. तिसऱ्या दिवशी अण्णांनी मूठभर माती दाबून गोळा केला आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडला. गोळा खाली पडून चार-पाच तुकड्यांत फुटला. "आता हाण."

खणताना लॉन का मेलं ते दिसलं. वर दीड-दोन इंच लाल माती, तिच्याखाली काळी, आणि दोन्हींच्या मधे सुरीनं कापल्यासारखी सरळ रेघ. जुन्या गवताच्या वाळक्या मुळ्या लाल मातीतच गोल गोल फिरून थांबल्या होत्या. काळीत एकही उतरलेली नव्हती. आम्ही फरशीसारखं अंथरलं, ते फरशीसारखंच राहिलं. खालच्या ओलीशी त्याची ओळखच झाली नव्हती, मग दुष्काळात ते कशाच्या जोरावर तगणार? हरळीनं मात्र लाल-काळी काही पाहिलं नाही, सरळ खाली गेली. त्याही खाली बांधकामाचा डबर लागला, टाइल्सचे तुकडे, वाळून दगड झालेलं सिमेंट, एक गंजलेली थापी. सहा इंचांपर्यंतचं सगळं चाळून काढलं. आठ घमेली.

लव्हाळ्याचा किस्सा वेगळा. वरून उपटला की सुटकन हातात येतो आणि आपण खूश होतो. आठ दिवसांत तिथंच पुन्हा तिधारी दांडा उभा. खाली करंगळीच्या नखाएवढ्या काळपट गाठी असतात, दोऱ्यात ओवल्यासारख्या एकीला एक जोडलेल्या. वरची उपटली की खालच्या जाग्या होतात. यालाच नागरमोथा म्हणतात, उटण्यात घालतात. एक गाठ फोडून नाकाशी नेली तर खरंच दिवाळीच्या पहाटेचा वास. दोन मिनिटं मी ती गाठ हातात धरून बसलो, मग शत्रूला सोडून कसं चालेल म्हणून पुन्हा खुरपं घेतलं. डबाभर गाठी निघाल्या. सगळ्या निघाल्या असं मी मुळीच म्हणणार नाही.

मध्यंतरी माती तपासून घेतली. पाच-सहा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखे वीतभर खोल खड्डे करायचे, कडेची माती तासून एकत्र करायची, तिचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, असं करत अर्धा किलो उरवायची. सामू, म्हणजे पीएच, आला 8.1. आपल्याकडच्या काळ्या जमिनीला हे नवल नाही, आणि हरळीला त्याचं काही वाटत नाही. सेंद्रिय कर्ब कमी होता. त्याचंही नवल नाही.

मी वाळूचीही ऑर्डर देऊन ठेवली होती, निचरा व्हावा म्हणून. अण्णांनी ट्रॅक्टर गेटातूनच परतवला. "काळीत मूठभर वाळू कालवून विटा पाडायच्यात का?" चिकणमातीत थोडीशीच वाळू मिसळली तर ती मोकळी होण्याऐवजी आणखी घट्ट बसते, हे मी नंतर वाचलं. त्याऐवजी गावाहून मुरलेलं शेणखत आणलं. मुरलेलं म्हणजे हातात घेतलं तर चहापत्तीसारखं, वास नसलेलं. कच्चं घातलं तर त्यातूनच निम्म्या तणाचं बी येतं.

मे महिन्यात सगळं ओलं करून, सपाट करून त्यावर पारदर्शक प्लास्टिक अंथरलं, कडा मातीत दाबल्या. काळं नाही, पारदर्शक. ऊन आत शिरून माती तापायला हवी. बेचाळीस अंशांचा आमचा उन्हाळा आयुष्यात पहिल्यांदा उपयोगी पडताना पाहिला. शेजारचे विचारायचे, पापड घातलेत का? अण्णांना हे पटलं, कारण उन्हाळी नांगरट करून रान तापवायचं हे त्यांचंच गणित. फक्त प्लास्टिक नवं. तणाचं वरवरचं बी त्यात भाजलं गेलं. खोल गाठींना अर्थात काही झालं नाही.

पाच आठवड्यांनी प्लास्टिक काढून पुन्हा पाणी दिलं आणि नुसतं बसून राहिलो. हे फार अवघड असतं. जे उगवायचं ते उगवू द्यायचं आणि खुरप्यानं वरच्या वर खरवडायचं. पुन्हा खणायचं नाही, नाहीतर खालचं झोपलेलं बी वर येतं.

बी कसं टाकायचं, यावर घरात दोन मतं झाली. बी इतकं बारीक की चिमटीत किती आलं ते कळत नाही. अण्णा म्हणाले तीळ कसे पेरतो, तसं. कोरडी बारीक वाळू मिसळली (ती दोन घमेली शेवटी शेजारच्या बांधकामावरून मागून आणली), निम्मं उभं फेकलं, निम्मं आडवं. जेमतेम झाकेल एवढी माती, पाव इंचसुद्धा नाही. वरून फळी टाकून तिच्यावर चाललो, म्हणजे बी मातीला चिकटतं. साडेतीनशे ग्रॅममध्ये काम भागलं. उरलेल्या पाकिटाकडं बघून अण्णा म्हणाले, "आपल्याच बांधावरची पोतंभर आणून कांड्या तोडून शेणात कालवून लावली असती, तर फुकट झालं असतं." हे त्यांनी आधी का सांगितलं नाही, असं मी विचारलं. "तू इचारलास का?"

चौथ्या दिवशी वळीव झाला, अर्ध्या तासाचा आणि टिपऱ्यासारखा. जमीन सपाट केली असं मला वाटलं होतं, पाण्याला तसं वाटलं नाही. घराकडून गेटाकडं एक ओहळ गेला आणि बी सोबत घेऊन गेला. दहा-बारा दिवसांनी गेटाच्या कोपऱ्यात हिरव्या सुयांची दाटी उठली, मखमलीसारखी. मधे टक्कल. उरलेलं दीडशे ग्रॅम बी तिथं कामी आलं, वर या वेळी गोणपाट टाकला. साडेसहाशे रुपये पूर्ण वसूल झाले, हे मी अण्णांना ऐकवलं.

काल सकाळी दूध घ्यायला बाहेर आलो तर अण्णा उकिडवे बसलेले, हातात खुरपं. माझ्या पोटात गोळा आला. साठ वर्षांची सवय, हात आपोआप चालणार. "अण्णा, ती हरळी हाय!" मी ओरडलोच.

"दिसतंय की." त्यांनी मान वर केली नाही. दोन कोवळ्या हिरव्या सुयांच्या मधून खुरप्याचं टोक तिरकं घातलं, डाव्या हाताच्या बोटानं हरळी जराशी बाजूला धरली आणि गाठीसकट लव्हाळा बाहेर काढला. मग पुढं सरकले.