‘अजून कोणत्या गोळ्या घेता?’

गेल्या पावसाळ्यात माझं सगळ्यातलं मन उडालं. नाशिकमध्ये अंबडच्या कंपनीत शिफ्ट संपली की सिडकोतल्या घरी यायचं आणि आडवं व्हायचं, एवढंच. रविवारी पहाटे पांडवलेणीच्या पायऱ्या चढायची दहा वर्षांची सवय कधी सुटली तेही कळलं नाही. वय ३९. कामाचा ताण असेल, असं म्हणत मी दिवस ढकलले.

खरी अडचण मात्र कुणाला सांगता येत नव्हती. बायकोजवळ जावंसंच वाटत नव्हतं. सकाळी उठताना येणारी ताठरता बंद झाली होती, आणि कधी मनात आलंच तरी शरीर साथ देत नव्हतं. मुलगी सहा वर्षांची झाली, आता दुसऱ्या बाळाचा विचार करू, असं आम्ही ठरवलं होतं. मी मात्र रात्री कुशीवर वळून झोपल्याचं सोंग घ्यायचो. एके रात्री तिनं अंधारातच विचारलं, “अहो, माझं काही चुकलंय का?” तिचा आवाज अजून कानात आहे. दुसऱ्या दिवशी मी दवाखाना शोधायला लागलो.

आधी गेलो तो चुकीच्या ठिकाणी. फक्त पुरुषांच्या तक्रारींसाठी असलेलं एक क्लिनिक होतं. पहिली शिफ्ट करून, डबा खाऊन, संध्याकाळी पाच वाजता तिथं पोचलो. लगेच रक्त घेतलं. टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, २०४ आलं. त्याच बैठकीत सहा महिन्यांच्या इंजेक्शनांचं पॅकेज समोर ठेवलं. कशामुळे कमी झालं, हे कुणी सांगितलं नाही. मूल हवंय का, हे कुणी विचारलं नाही. मी पैसे भरायला तयार होतो, कारण आजाराला नाव मिळालं याचाच मोठा आधार वाटत होता. घरी हिनं रिपोर्ट पाहिला आणि म्हणाली, “कमी का झालं ते कळल्याशिवाय सुई टोचून घ्यायची नाही.” तिच्यामुळे मी थांबलो.

मग गंगापूर रोडला एका एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांकडे, नंबर लावला. डॉक्टर बाई आहेत हे कळल्यावर मी दारातूनच परत फिरणार होतो. पण मॅडमनी डायबेटिसबद्दल विचारावं तितक्या सहजपणे विचारलं, “सकाळची ताठरता आठवड्यातून किती वेळा येते? इच्छा कमी झाली की इच्छा असून जमत नाही?” एवढ्या स्पष्ट प्रश्नाला स्पष्ट उत्तर देताना मला पहिल्यांदा मोकळं वाटलं. त्यांनी छाती तपासली, बोट हलवून डोळ्यांच्या कडेचं दिसतं का ते पाहिलं, आणि वृषणांचा आकार मोजायला लहानमोठ्या मण्यांची एक माळ काढली. प्रत्येक मण्यावर मिलिलिटरचा आकडा असतो. आकार व्यवस्थित होता.

संध्याकाळचा रिपोर्ट त्यांनी बाजूला सारला. टेस्टोस्टेरॉन सकाळी सगळ्यात जास्त असतं आणि दिवसभर उतरत जातं, शिवाय जेवणानंतरही ते खाली येतं. म्हणून नमुना उपाशीपोटी, सकाळी दहाच्या आत, आणि दोन वेगवेगळ्या दिवशी द्यायचा. नाइटच्या आठवड्यात तर अजिबात नाही. “रात्रभर जागलेल्या माणसाची सकाळ ही त्याच्या शरीराची सकाळ नसते,” मॅडम म्हणाल्या. आमच्या कंपनीत निम्मी माणसं नाइट करतात, त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहितोय.

दोन्ही सकाळचे आकडे २३१ आणि २१८ आले. ३०० च्या खाली, म्हणजे खरोखरच कमी. सोबत एलएच, एफएसएच आणि प्रोलॅक्टिन ही मेंदूखालच्या ग्रंथीतून येणारी हार्मोन, शिवाय थायरॉइड, साखर आणि हिमोग्लोबिन केलं होतं. मॅडमनी कागदावर चित्र काढून समजावलं. मेंदूच्या तळाशी पिच्युटरी नावाची वाटाण्याएवढी ग्रंथी असते, ती एलएचच्या रूपानं वृषणांना ‘काम करा’ असा निरोप धाडते. वृषणंच दमली असतील तर निरोप वाढत जातो, एलएच जास्त येतं. माझं एलएच १.६ होतं. म्हणजे वृषणं ठीक, वरून निरोपच येत नव्हता. आणि प्रोलॅक्टिन ८८, पुरुषात असायला हवं त्याच्या चौपटीहून जास्त. वाढलेलं प्रोलॅक्टिन हा निरोप दाबून टाकतं.

प्रोलॅक्टिन पिच्युटरीतल्या गाठीमुळेही वाढतं, आणि गाठ मोठी असेल तर कडेचं दिसणं कमी होतं, हे ऐकल्यावर माझे हात गार पडले. एमआरआय कधी करायचा, मी विचारलं. मॅडमनी उलट मलाच विचारलं, “अजून कोणत्या गोळ्या घेता?”

काहीच नाही, असं मी सांगितलं. ही शेजारून म्हणाली, “ॲसिडिटीची कॅप्सूल घेतात ना रोज सकाळी.”

फोनमध्ये पाकिटाचा फोटो होता. एकाच कॅप्सूलमध्ये दोन औषधं, रबेप्राझोल आणि लेव्होसल्पिराइड. दोन वर्षांपूर्वी पोट फुगतं, जळजळ होते म्हणून पंधरा दिवसांसाठी लिहून मिळाली होती. बरं वाटलं म्हणून मी मेडिकलमधून आणत राहिलो, कुणी चिठ्ठी मागितली नाही. मला ते औषध वाटतच नव्हतं, चहासारखी सवय झाली होती. लेव्होसल्पिराइड हे डोपामिनचं काम अडवतं, आणि प्रोलॅक्टिनला लगाम घालणारं रसायन म्हणजे डोपामिनच. डोम्पेरिडोनमुळेही हेच होतं, आणि तेही ॲसिडिटीच्या कितीतरी कॅप्सूलमध्ये असतं.

डोकेदुखी नाही, नजर ठीक, त्यामुळे मॅडमनी एमआरआय थांबवला. कॅप्सूल बंद केली, जळजळीसाठी काही दिवस नुसतं ॲसिड कमी करणारं पॅन्टोप्राझोल दिलं आणि महिन्यानं प्रोलॅक्टिन पुन्हा करायला सांगितलं. तेव्हाही जास्त आलं तर एमआरआय.

त्याच भेटीत मी इंजेक्शनांबद्दल विचारलं. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळालं की पिच्युटरी निरोप पाठवणंच थांबवते आणि शुक्राणू बनणं मंदावतं, काहींचं पार शून्यावर येतं. थांबवल्यावर पूर्ववत व्हायला कित्येक महिने लागतात. आम्हाला दुसरं बाळ हवं होतं आणि मी ते पॅकेज घेणार होतो! ज्यांची वृषणं खरंच काम करत नाहीत त्यांना इंजेक्शन किंवा जेल लागतं, मॅडमनी त्याला नावं ठेवली नाहीत. पण तेव्हाही रक्त घट्ट होतंय का हे पाहायला हिमॅटोक्रिट, आणि प्रोस्टेट ग्रंथीसाठी पीएसए ही रक्ततपासणी, हे ठरावीक काळानं तपासावं लागतं.

तो महिना फार जड गेला. दर दोन दिवसांनी मी एक डोळा झाकून कडेचं दिसतं का ते बघायचो. जळजळ पहिले दहा दिवस वाढली. मग रात्रीचं जेवण आठच्या आत आणलं, शिफ्टमधले चार चहा दोनवर आणले, तशी ती उतरली.

महिन्यानं प्रोलॅक्टिन ९ आलं. लॅबच्या बाहेर गाडीवर बसून मी हिला फोन केला आणि मला बोलताच येईना. तीन महिन्यांनी टेस्टोस्टेरॉन ४०२. त्याआधीच सकाळी शरीर जागं व्हायला लागलं होतं. वीर्यतपासणीही चांगली आली.

बाळाची बातमी अजून नाही. पांडवलेणीला मात्र आम्ही तिघं जातो, मुलगी पायऱ्या मोजत पुढे पळते. गेल्या आठवड्यात कॅन्टीनमध्ये शेजारच्या मित्रानं जेवणाआधी खिशातून कॅप्सूल काढली. मी त्याच्याकडून पाकीट मागून घेतलं आणि मागची बारीक अक्षरं वाचली. मग त्याला बाजूला नेऊन सगळं सांगितलं, रात्री कुशीवर वळण्यापासूनचं.