हवेची वाट : ऑक्टाव्हिया आरएस, लिनिया टी-जेट आणि पीव्हीसीचं एंड कॅप

नागपूरच्या गॅरेजमधून फोन आला तेव्हा मी बागेत ठिबकच्या नळ्या धूत होतो. "टर्बो गेलाय. नवीन बसवावा लागेल. पंच्याण्णव हजार धरून चला." टर्बो म्हणजे इंजिनात हवा दाबून घालणारा पंखा. गाडी घेतली होती एक लाख ऐंशी हजाराला. मी नळी तशीच सोडली आणि बांधावर बसलो. संत्र्याच्या आंबिया बहाराचे पैसे यायला अजून दोन महिने होते, आणि घरी आधीच विषय निघाला होता की जुन्या गाडीत एवढा पैसा कायले घालून राह्यला.

गाडी म्हणजे २००५ ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, निळ्या रंगाची. बारावीत असताना अमरावतीच्या राजकमल चौकात मी तिला पहिल्यांदा पाहिली, तेव्हापासून ती डोक्यात बसली होती. १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, प्रत्येक सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह, म्हणजे चार सिलिंडरला वीस. युरोपातल्या आरएसला १८० अश्वशक्ती होती, आपल्याकडे आली ती १५० ची. पण त्या काळात आपल्या रस्त्यांवर १५० म्हणजे फार होतं. दिसायला सेडान, पण मागचं दार काचेसकट वर उघडतं आणि डिकी ५२८ लिटरची. संत्र्याचे क्रेट मी त्यात नेले आहेत, खोटं नाही सांगत.

दुसरा पर्याय माझ्यासमोर होता तो फियाट लिनिया टी-जेटचा. माझ्या मामेभावाकडे, आम्ही त्याला दादा म्हणतो, २०११ ची टी-जेट आहे. १३६८ सीसीचं छोटं इंजिन, ११४ अश्वशक्ती. कागदावर दोघींमध्ये ३६ अश्वशक्तीचा फरक. पण टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, पाहा : ऑक्टाव्हियाचा २१० न्यूटन मीटर, लिनियाचा २०७. फक्त तिनाचा फरक! रोजच्या चालवण्यात माणसाला जाणवतो तो टॉर्क, म्हणून दादा म्हणायचा, "कायले जुनी घेतं? माह्या गाडीसारखीच घे, सहा वर्षं नवी भेटते." आणखी एक गोष्ट मला भावायची. या दोन्ही गाड्या आपल्या महाराष्ट्रातच तयार झालेल्या, स्कोडा औरंगाबादजवळच्या शेंद्र्याला आणि फियाट पुण्याजवळच्या रांजणगावला. परदेशी नाव असलं तरी दोघी या मातीवरूनच बाहेर पडल्या.

मी आरएस घेतली. कारण तो राजकमल चौक.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. गाडी २०१९ पासून नागपूरला एका घराच्या पोर्चमध्ये उभी होती. पंधरा वर्षांची नोंदणी २०२० मध्ये संपलेली, आणि मी घेतली २०२३ मध्ये. मुदत संपलेल्या आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) नाव बदलून मिळत नाही, म्हणून आधी जुन्या मालकांच्या नावावरच नूतनीकरण केलं : फॉर्म २५, पाच हजार फी, पाच वर्षांचा पर्यावरण कर तीन हजार, शिवाय उशिराचे महिन्याला पाचशे. मग नागपूरची एनओसी, फॉर्म २९ आणि ३०, आणि गाडी माझ्या नावावर. निरीक्षक साहेबांनी चेसिस नंबरचा पेन्सिलने ठसा घेतला. चार वर्षं उभ्या गाडीवर तो नंबर धुळीखाली गेला होता, आदल्या रात्री घासून ठेवला म्हणून काम झालं. मालक भले माणूस, दोनदा माझ्यासोबत आरटीओत आले. जुनी गाडी घेणाऱ्याने गाडीआधी आरसीची तारीख पाहावी, एवढंच या बाबतीत सांगणं आहे.

गाडी घरी आल्यावर चालवायच्या आधी दोन कामं केली. पहिलं, टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि व्हॉल्व्हचा ताळमेळ राखणारा पट्टा), तो ताणून धरणारा टेन्शनर आणि वॉटर पंप. या इंजिनात बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हला भिडतात, म्हणजे अख्खं हेड खोलायचं काम. बेल्ट शेवटचा कधी बदलला ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पंपाचा आतला पंखा प्लास्टिकचा होता, त्याला तडा गेलेला निघाला. दुसरं काम, खालचं चेंबर खोलून ऑईलची जाळी साफ करणं. जाळीवर काळी खरपुडी धरली होती, दुधाच्या पातेल्याच्या तळाला करपून बसते तशी. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि तो नुसत्या ऑईलच्या थरावर तरंगत असतो. जाळी बुजली, ऑईल कमी पोचलं, की टर्बो मेला. म्हणून ऑईलमध्ये कंजुषी करायची नाही. मी ५डब्ल्यू-४० सिंथेटिक टाकतो आणि साडेसात हजार किलोमीटरला बदलतो.

एवढं करूनही गाडी उठाव देत नव्हती. इंजिनाच्या मिनिटाला तीन हजार फेऱ्यांपर्यंत चांगली ओढायची, मग कुणी मागून धरल्यासारखी व्हायची. मधूनच पायाखाली पूर्ण मरगळ. म्हणून नागपूरला नेली, आणि तिथून तो फोन आला.

गाडी मी परत आणली. पैसे नव्हते हे खरं, पण मनालाही पटत नव्हतं. टर्बो गेलेली गाडी निळा धूर सोडते, ऑईल पिते, शिट्टीसारखा आवाज देते. हिच्यात यातलं काहीच नव्हतं.

आमच्या तालुक्याच्या गावी एक मिस्त्री आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. ट्रॅक्टरची कामं करतात, पण ऑक्टाव्हियाच्या डिझेल गाड्या त्यांनी पुष्कळ खोलल्या आहेत. खालचे बुश, सस्पेन्शनचे बरेचसे भाग या आणि त्या गाडीचे सारखेच. त्यांनी बॉनेट उघडलं, मला ॲक्सिलेटर द्यायला लावला आणि डोळे मिटून ऐकत राहिले.

"भाऊ, टर्बो काई गेला नाई. हवा कुठून तरी निंघून राह्यली."

दादाने लॅपटॉप आणि केबल आणली. गाडीच्या मेंदूत एकच कोड होता, १७७०५. त्याचा अर्थ, टर्बो आणि थ्रॉटल (इंजिनात जाणाऱ्या हवेची झडप) यांच्या मधल्या वाटेत दाब पडतो आहे. कोडच्या मजकुरात टर्बो हा शब्द आहे, म्हणून गॅरेजवाल्यांनी टर्बोवर बोट ठेवलं असावं. पण कोड टर्बोबद्दल बोलतच नव्हता, तो पाईपाबद्दल बोलत होता.

इथे मला माझी बाग उपयोगी पडली. ठिबकची मोटर सुरू आहे, फिल्टर स्वच्छ आहे, तरी शेवटच्या ओळीच्या झाडांना पाणी पोचत नाही, तेव्हा आपण मोटर बदलत नाही. आपण मेन लाईन धरून चालत जातो आणि भेग शोधतो. टर्बोचंही तसंच. इंजिनातून बाहेर पडणारा धूर एक पंखा फिरवतो, त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा बाहेरची हवा दाबून इंजिनात घालतो. वाया जाणाऱ्या धुरातून काम काढून घ्यायची ही कल्पना. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी या इंजिनिअरने तिचं पेटंट १९०५ मध्ये घेतलं. शेतकऱ्याला ती लगेच पटावी अशी आहे. पण दाबलेली हवा टर्बोपासून इंजिनापर्यंत तीन-चार रबरी होज (नळ्या) आणि तापलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरमधून जाते. वाटेत फट असली की टर्बो कितीही चांगला असो, शेवटच्या झाडाला पाणी नाही.

मग लाईनला दाब देऊन पाहायचं ठरलं. कृषी केंद्रातून ६३ एमएमचं पीव्हीसी एंड कॅप आणलं. त्याला मधोमध भोक पाडून ट्यूबलेस टायरचा वॉल्व्ह बसवला. कॅप टर्बोच्या आत जाणाऱ्या होजमध्ये, हवेच्या सेन्सरच्या पुढे, बसवायचं होतं. ते ढिलं बसत होतं, म्हणून सायकलच्या ट्यूबचे वेढे दिले आणि वरून क्लॅम्प आवळला. पंक्चरवाल्याकडून छोटा कॉम्प्रेसर आणला. चाचांनी बजावलं, "दहाच्या वर नको नेऊ भाऊ, सील फाटते." दहा पीएसआयवर थांबलो. तुम्ही करणार असाल तर बाराच्या वर अजिबात जाऊ नका.

फवारणीच्या पंपात साबणाचं पाणी घेतलं आणि जोड न् जोड ओला करत गेलो. वरच्या होजना काहीच नाही. थ्रॉटलपाशी काही नाही. या गाडीचा इंटरकूलर समोर नसतो, तो उजव्या पुढच्या चाकापाशी, फेंडरच्या आत अंग चोरून बसवलेला असतो. चाक काढलं, प्लास्टिकचं अस्तर सोडवलं, आणि खालच्या होजवर फवारा मारताच फेस उसळून आला. रबराला बोटभर लांब चीर. थंड गाडीत ती मिटलेली, दाब आला की ओठासारखी उघडायची. म्हणूनच तीन हजारांपर्यंत गाडी बरी चालत होती.

मी आणि दादा एकमेकांकडे पाहत राहिलो. पंच्याण्णव हजार आणि ही बोटभर चीर!

चाचा म्हणाले, "थांबा, एकच नसते राह्यत." टर्बोजवळ एक छोटा डायव्हर्टर व्हॉल्व्ह असतो. आपण पाय काढला की कोंडलेली हवा तो परत मागे सोडतो. त्याच्या आत रबराचा पातळ पडदा असतो. व्हॉल्व्ह काढून हातात घ्या, आतला भाग बोटाने दाबा, वरची बारीक नळी दुसऱ्या बोटाने बंद करा आणि दाबलेलं बोट सोडा. पडदा शाबूत असेल तर आतला भाग तिथेच थांबतो. आमचा लगेच परत आला. पडदा फाटला होता. हेच १.८ लिटरचं इंजिन गोल्फ, पासाट, ऑडी ए४ अशा किती तरी गाड्यांमध्ये होतं, त्यामुळे होज आणि व्हॉल्व्ह दोन्ही मिळाले. पार्सल आठ दिवसांनी आलं. खर्च साडेसात हजार. त्याच वेळी पेट्रोलच्या जुन्या नळ्याही बदलून घेतल्या. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आल्यापासून वीस वर्षं जुन्या रबरावर विसंबायची माझी तयारी नाही.

त्यानंतर डिसेंबरात आम्ही दोन्ही गाड्या चिखलदऱ्याला नेल्या. वरूड, मोर्शी, चांदूर बाजार, परतवाडा आणि मग घाट. भल्या पहाटे निघालो होतो, कापसाच्या शेतांवर धुकं होतं. परतवाड्यापुढे गाड्या अदलाबदल केल्या.

दादाची टी-जेट खालच्या फेऱ्यांत शांत असते, जवळजवळ झोपलेली. दोन हजाराच्या पुढे ती उठते आणि मग एकदम ओढते. घाटाच्या वळणावर दुसऱ्या गियरमध्ये फेरे पडू दिले तर वळणातून बाहेर पडताना वाट पाहावी लागते. फेरे वर ठेवले तर तिच्यासारखी मजा नाही. तिचं स्टिअरिंग जड आणि खरं आहे, चाकाखालचा खडा हाताला सांगतं. या एका बाबतीत ती माझ्या गाडीपेक्षा सरस आहे, हे मी मान्य करतो. खराब रस्त्यावरही तीच जास्त निर्धास्त.

आरएसचा २१० चा टॉर्क १७५० फेऱ्यांपासूनच मिळतो आणि साडेचार हजाराच्या पुढेपर्यंत टिकतो. म्हणजे तिचा तिनाचा फरक आकड्यात नाही, तो पसाऱ्यात आहे. वळणातून बाहेर पडताना वाट पाहावी लागत नाही. आणि मोकळ्या रस्त्यावर, जिथे टी-जेटचा दम संपू लागतो, तिथे हिची उरलेली ३६ अश्वशक्ती बाहेर येते. दादा उतरला आणि पहिल्यांदा काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "आता समजलं तू कायले थांबला होता तं."

वर कॉफीच्या मळ्याजवळ थांबलो, पण किल्ली लगेच फिरवली नाही. घाट चढून आलेला टर्बो लालबुंद तापलेला असतो. इंजिन लगेच बंद केलं तर ऑईलचं फिरणं थांबतं आणि जे आत असतं ते तिथेच करपतं. जाळीवरची ती खरपुडी अशीच तर तयार होते. मिनिट-दोन मिनिटं इंजिन चालू ठेवून उभं राहायचं. आता आम्हा दोघांच्याही घरी पोरांना ठाऊक झालंय की गाडी आली तरी बाबा लगेच उतरत नाहीत.

आमच्याकडच्या उन्हाळ्याबद्दल मात्र वेगळं सांगायला हवं. मे महिन्यात पारा ४५ ला जातो. डिसेंबरच्या पहाटेच्या दहा अंशांच्या हवेपेक्षा ती हवा दहा-अकरा टक्के विरळ असते, म्हणजे प्रत्येक घोटात प्राणवायू तेवढा कमी. त्यात फेंडरच्या आतला छोटा इंटरकूलर तापला की हवा थंड होतच नाही. मग इंजिनचा मेंदू ठिणगी उशिरा पाडतो, नाही तर आत पेट्रोल अवेळी पेटून ठोकर बसेल. समृद्धीवर दुपारी दोन वाजता मी हे अनुभवलंय. डिसेंबरात जी गाडी हसत १२० ला जाऊन थांबते, तीच मेमध्ये जड पावलाने जाते. लिनियाचंही तेच. तो दोष गाडीचा नाही, म्हणून मी मेमध्ये तिला सकाळी आठच्या आत बाहेर काढतो किंवा काढतच नाही.

होज बदलून आता अकरा हजार किलोमीटर झाले. मध्ये एकदा एक ठिणगी देणारी इग्निशन कॉईल गेली, या इंजिनात ती जातेच, म्हणून डिकीत एक जास्तीची ठेवतो. १७७०५ परत आलेला नाही.

मागच्या आठवड्यात दादाचा फोन आला. त्याची टी-जेट तीन हजाराच्या पुढे अडखळते आहे. मी विचारलं, धूर? नाही. ऑईल कमी होतं? नाही. तिच्या होजचा व्यास लहान आहे, ६३ चं कॅप बसणार नाही, म्हणून काल कृषी केंद्रातून ५० चं आणून वॉल्व्ह बसवून ठेवलंय. मृग बहाराची तोड रविवारी संपते आहे, सोमवारी सकाळी तो गाडी घेऊन येतोय.