शुक्राच्या तापमानातले हरवलेले २३५ केल्विन

पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या जीएमआरटी या अनेक डिशच्या रेडिओ दुर्बिणीतून ६१० मेगाहर्ट्झला घेतलेल्या शुक्राच्या निरीक्षणांचे गणित मी पूर्ण केले तेव्हा उत्तर आले ५०० केल्विन. शुक्राच्या पृष्ठभागाचे तापमान ७३५ केल्विन आहे, आणि अर्धा मीटर लांबीच्या लहरींना तिथले दाट वातावरण जवळजवळ पारदर्शक असते. त्यामुळे आम्ही थेट जमीनच पाहत होतो. ४० आर्कसेकंद (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) व्यासाच्या त्या तबकडीकडून पाव जान्स्की (रेडिओ ऊर्जेच्या तीव्रतेचे एकक) ऊर्जा यायला हवी होती, आली ०.१७.

पहिला संशय स्वतःच्या कामावर घ्यायचा असतो. शुक्र काही तासांत स्वतःच्या व्यासाहून अधिक सरकतो, पण मागच्या दीर्घिका जागच्या जागी असतात. म्हणून आधी त्यांचा नकाशा करून त्या वजा कराव्या लागतात आणि मगच शुक्राचा माग धरून चित्र जुळवावे लागते. मार्गदर्शक बाईंनी आकडा ऐकला आणि एवढेच म्हणाल्या, "वजाबाकीनंतरचा नकाशा दाखव." नकाशा स्वच्छ होता. लांबच्या डिशच्या जोड्यांना शुक्राची तबकडी विरून दिसते, म्हणून एकूण ऊर्जेसाठी भिस्त मधल्या चौकातल्या, किलोमीटरभर परिसरातल्या १४ डिशवरच असते. त्या जोड्या वेगळ्या काढून पाहिल्या, तरी ०.१७. ३सी ४८ या कॅलिब्रेटरऐवजी, म्हणजे ज्याची तीव्रता आधीच माहीत असते अशा मापाच्या स्रोताऐवजी, ३सी १४७ घेऊन सगळे पुन्हा केले. दोन्ही उत्तरांत फरक होता तो पाच टक्क्यांच्या आतला, तूट मात्र तिसऱ्या हिश्शाची होती.

१९५६ मध्ये वॉशिंग्टनच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेत मेयर आणि सहकाऱ्यांनी ३ सेंटिमीटरला शुक्र मोजला, तेव्हा ६०० केल्विनच्या आसपासचा आकडा इतका जास्त होता की तो पृष्ठभागाचा असेल, हे पुष्कळांना पटेना. मला नेमके उलटे कोडे पडले होते. खडकाळ जमीन आदर्श काळ्या वस्तूइतके, म्हणजे त्या तापमानाला शक्य तेवढे पूर्ण विकिरण देत नाही, हे धरूनही आकडा साडेसहाशेच्या फार खाली यायला नको होता. उरलेले दीडशे केल्विन कुठे गेले, याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते आणि ते मला मनापासून अस्वस्थ करत होते.

संध्याकाळी ३३० मेगाहर्ट्झची फाइल उघडली. या लहरी जवळजवळ दुप्पट लांब असतात आणि जमिनीत अधिक खोलवरून निघून येतात. तीच वजाबाकी, तेच चौदा डिश, तेच दोन कॅलिब्रेटर. रात्री साडेअकराला आकडा आला ४०० च्या आसपास. मी बाईंना फोन केला.