माझा अनुभव : अहिराणीचा ‘शे’ आणि वर्डचे स्मार्ट कोट

कृतिदेव ०१० या जुन्या देवनागरी फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर युनिकोडमध्ये आणून साधी टेक्स्ट फाईल काढायची असेल, तर कन्व्हर्टरकडे (म्हणजे हा बदल करणाऱ्या प्रोग्रामकडे) जाण्याआधी फाईलमधले कोट, म्हणजे अवतरणचिन्हं, तपासा. चाळीसगाव, अमळनेर, शिरपूर अशा तिन्हीकडून आलेल्या अहिराणी म्हणी-ओव्यांची फाईल करताना बाकी सगळं एका दिवसात उरकलं. कोटांनी चार दिवस खाल्ले, आणि त्यातले तीन मी उलट्या क्रमाने काम केलं म्हणून गेले.

पानावर काय दिसतं ते आधी सांगतो. ‘खानदेश’च्या जागी खानदे”ा. ‘विशेष’च्या जागी वि”ो’ा. मराठी मजकुरात हे अधूनमधून येतं, पण अहिराणीत वाक्यच मोडतं, कारण आपलं ‘आहे’ म्हणजे अहिराणीत ‘शे’. ‘तुनं नाव काय शे?’ याचं होतं ‘तुनं नाव काय “ो?’ ओळीमागून ओळ क्रियापदच गायब.

कारण समजून घेतल्याशिवाय दुरुस्तीला हात लावू नका. कृतिदेव हा युनिकोड फॉन्ट नाही. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर त्यात देवनागरीचे तुकडे बसवले आहेत. सरळ सिंगल कोटच्या जागी अर्धा श् आहे आणि सरळ डबल कोटच्या जागी अर्धा ष्. पुढे ‘के’च्या कळीवरचा काना दाबला की पूर्ण श किंवा ष तयार होतो. वर्डला यातलं काही कळत नाही. त्याला सिंगल कोट दिसतो आणि तो लगेच वळवून टाकतो (हेच ते स्मार्ट कोट): शब्दाच्या सुरुवातीला असला तर उघडणारा, मध्ये असला तर बंद होणारा. विंडोजच्या तक्त्यात सरळ सिंगलचा क्रमांक ३९ आणि सरळ डबलचा ३४, वळलेल्या चौघांचे १४५ ते १४८. कृतिदेवमध्ये या चार जागांवर खरीखुरी अवतरणचिन्हं काढलेली आहेत, तीसुद्धा अदलाबदल करून: सिंगलच्या जागी डबल, डबलच्या जागी सिंगल. म्हणून श चा ” होतो आणि ष चा ’. मागचा काना तिथेच उभा राहतो, आणि ‘शे’मधला काना नि मात्रा मिळून ‘ो’ दिसतो.

आता मजकुरातली मूळ अवतरणचिन्हं कुठे असतात? कृतिदेवमध्ये सिंगलसाठी ^ आणि * या खुणांच्या जागा आहेत. डबलसाठी आल्ट दाबून नंबर पॅडवर ०२२२ आणि ०२२३ मारतात. सुरुवातीचं शून्य हवंच. म्हणजे मूळ चिन्हं एका घरात आणि बिघडलेले श-ष दुसऱ्या घरात. त्यामुळे वळलेले कोट सरसकट सरळ करता येतात. हे कळल्यावर माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं, कारण तोवर मी एकेक ‘शे’ हाताने लावत बसलो होतो.

दुरुस्ती अशी. मूळ फाईलची प्रत बाजूला ठेवा. वर्डमध्ये फाईल, ऑप्शन्स, प्रूफिंग, ऑटोकरेक्ट ऑप्शन्स असं जाऊन ‘ऑटोफॉरमॅट अ‍ॅज यू टाइप’ या टॅबवरची स्मार्ट कोटची खूण काढा. शेजारी नुसत्या ‘ऑटोफॉरमॅट’ नावाचा टॅब आहे, त्यातही अगदी हीच ओळ आहे. तिथली खूण काढून काही उपयोग नाही. मग कंट्रोल-एच, म्हणजे शोधा-बदलाची खिडकी. शोधायच्या चौकटीत सरळ सिंगल कोट, बदलायच्या चौकटीतही सरळ सिंगल कोटच, आणि ‘रिप्लेस ऑल’. विचित्र वाटतं, पण वर्ड शोधताना सरळ आणि वळलेला कोट एकच धरतो आणि बदलताना सरळ टाकतो. स्मार्ट कोट चालू राहिले असतील तर तो पुन्हा वळलेलेच टाकेल, सगळी मेहनत पाण्यात. त्याच खिडकीतली ‘यूज वाइल्डकार्ड्स’ची खूण काढलेली असू द्या. हेच डबल कोटसाठी करा. शेवटी ^0145 पासून ^0148 पर्यंत चारही शोधून बघा, एकही सापडता कामा नये.

मी हे सगळं कन्व्हर्टरनंतर करत होतो, तिथेच फसलो. एकदा युनिकोड झालं की बिघडलेला श आणि मूळ अवतरणचिन्ह एकाच घरात येऊ शकतात, मग वेगळे काढता येत नाहीत. तशी फाईल हातात आलीच असेल तर एक खूण उपयोगी पडते: अवतरणचिन्हाला लागून ा किंवा ो कधीच येत नाही. नोटपॅड प्लस प्लसमध्ये रेग्युलर एक्स्प्रेशन (नमुन्यावरून शोधण्याची सोय) लावून [‘’“”'"][ाो] शोधा. पडद्यावर तिथे टिंबांचं वर्तुळही दिसतं. पण ‘श्व’, ‘श्न’ यांत काना नसतो, ते यातून निसटतात. ते डोळ्यांनीच वाचावे लागतात.

उलटा धोकाही आहे. एखाद्या टाइपिस्टने मूळ अवतरणचिन्हंच आल्ट ०१४५ वगैरे मारून घातली असतील, तर सरसकट बदलात त्यांचा श् किंवा ष् होतो. ‘घर’चं होतं ष्घरष्. शब्दाच्या शेवटी, मोकळ्या जागेआधी, लटकणारा श् किंवा ष् शोधला की हे पकडले जातात. आमच्या मजकुरात एकाच गावाहून आलेल्या पानांत हे होतं.

मध्ये इंग्रजी ओळी असतील तर त्या कन्व्हर्टरमध्ये टाकू नका. शोधताना फॉरमॅटमधून फॉन्ट ‘कृतिदेव ०१०’ निवडला की तेवढाच मजकूर हाती येतो.

युनिकोड झालेली फाईल वर्डमधून जतन करताना ‘प्लेन टेक्स्ट’ निवडल्यावर चौकट उघडते. तिथे ‘विंडोज डिफॉल्ट’ राहिलं तर देवनागरीचे प्रश्नचिन्ह होतात. खालच्या नमुन्यात तो मजकूर आधीच लाल दिसतो. ‘अदर एन्कोडिंग’मध्ये यूटीएफ-८ (युनिकोड साठवण्याची पद्धत) घ्या. त्यात वळलेले कोटही नीट जातात, आता ते सरळ करायची गरज नाही. वाचण्याच्या प्रतीत मी वळलेलेच ठेवतो. शब्दसूची सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या टेक्स्ट फाईलमध्ये) द्यायची असेल तर अर्थाच्या रकान्यात सरळ डबल कोट नको, कारण तिथे तो रकान्याची हद्द ठरवतो. आणि ती फाईल एक्सेलमध्ये डबल क्लिकने न उघडता ‘डेटा’मधून आणा, एन्कोडिंग ६५००१, म्हणजे यूटीएफ-८.

स्मार्ट कोटची खूण फाईलसोबत जात नाही, ती त्या त्या संगणकावर असते. म्हणून दुरुस्तीला फाईल परत पाठवाल तेव्हा समोरच्यालाही ती काढायला सांगा. आणि टाइप करताना श वळलेला दिसला तर तिथल्या तिथे कंट्रोल-झेड दाबा, अक्षर न पुसता फक्त कोट सरळ होतो.