ललिताबाईंचा डावा डोळा

पेशंटला धीर द्यावा म्हणून मी एक नाव घेतलं आणि ती बाई पुढचे दोन आठवडे आलीच नाही. ते नाव होतं ललिता पवार, जुन्या सिनेमातल्या छळणाऱ्या सासूसाठी ओळखली जाणारी नटी.

मी नागपुरात फिजिओथेरपिस्ट आहे. गुडघे, कंबर, आखडलेले खांदे हे रोजचं काम. चेहऱ्याचे पेशंट त्या मानाने थोडे, पण ते काम मला मनापासून आवडतं. दिवाळी होऊन पंधरा-वीस दिवस झाले असतील, तेव्हा डाव्या गालावर पदर ओढून एक बाई आल्या. वय पंचेचाळीसच्या आसपास, झाडीपट्टीतल्या नटी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा धानाचा पट्टा म्हणजे झाडीपट्टी, तिथे दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडसा हे त्याचं केंद्र. गावात मंडई, म्हणजे जत्रा, भरली की रात्री नाटक ठरलेलंच, उघड्या मैदानात, हजारो माणसांसमोर, पहाटेपर्यंत. नटीला पैसे नाईटवर मिळतात. नाईट चुकली की पैसे गेले. आणि या बाई हंगामाच्या तोंडावरच घरी बसल्या होत्या.

सकाळी चूळ भरताना पाणी ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून सांडलं. आरशात पाहिलं तर तोंड उजवीकडे ओढलेलं. घरचे म्हणाले, वारं गेलं. शेक झाला, अंगारा झाला आणि नवव्या दिवशी डॉक्टर झाले. पहिल्या तीन दिवसांत गोळ्या सुरू झाल्या तर फार फरक पडतो, ते दिवस निघून गेले होते. हा पक्षाघात नव्हता, बेल्स पाल्सी होती. चेहऱ्याची नस कानामागे हाडातल्या चिंचोळ्या वाटेने येते. ती सुजली की तिथेच आवळली जाते आणि अर्धा चेहरा गप्प होतो. पक्षाघातात कपाळ बहुधा वाचतं, इथे तेही वाचत नाही. मी त्यांना भुवया वर करायला सांगितल्या. उजवीकडे तीन आठ्या पडल्या. डावं कपाळ इस्त्री केल्यासारखं सपाट.

डोळा मिटत नव्हता, म्हणून दिवसा थेंब, रात्री मलम आणि वरून चिकटपट्टी. मग आरशासमोरचे व्यायाम, अगदी हळू, जोर न लावता. फुगे फुगवा, च्युइंगम चघळा असले सल्ले लोक फार देतात. मी ते सगळे बंद करायला सांगते, कारण त्यात चांगली बाजूच आणखी ओढायला शिकते. ताईंची सगळ्यात मोठी अडचण होती प, ब, फ. ओठ घट्ट मिटत नाहीत, हवा निसटते. "पोरा" म्हणताना "होरा" ऐकू यायचं. छापील तक्त्यावरचे शब्द त्यांना कंटाळवाणे वाटत, तेव्हा मी म्हटलं, तुमच्या पार्टातलं एखादं वाक्य घ्या. त्यांनी आईच्या भूमिकेतलं घेतलं: "पोरा, माझ्या पदरानं पुसलेलं पाणी विसरू नको." रोज वीस वेळा. शेजारच्या टेबलावर गुडघा शेकत बसलेल्या आजोबांना ते वाक्य पाठ झालं होतं.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात त्यांनी विचारलं, "मॅडम, पुरं बरं होईल ना जी?"

बहुतेक पेशंट पूर्ण बरे होतात. यांची सुधारणा मात्र संथ होती आणि खोटं आश्वासन मला देववेना. म्हणून मी म्हणाले, "ताई, ललिता पवारांना बघा ना. चेहऱ्याला इजा झाली, डोळा गेल्यासारखा झाला, तरी केवढं नाव कमावलं त्यांनी."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "म्हंजे आता मी ललिता पवार झालो का जी?" एवढंच म्हणाल्या. चपला घातल्या आणि गेल्या.

मला त्या क्षणी आजी आठवली. आमच्या घरी ललिता पवार हे नाव नव्हतंच, ती शिवी होती. शेजारच्या काकू सुनेला टोचून बोलल्या की आजी म्हणायची, "सुरू झाली बघ ललिता पवार." महाराष्ट्रात कितीतरी घरांत हेच. आणि जिने वीस वर्षं नायिका केली, रडणारी आई करून अख्ख्या गावाला रडवलं, त्या बाईला मी तेच नाव चिकटवलं होतं. आपल्याला ज्या माणसाबद्दल एकच गोष्ट ठाऊक आहे, त्याचं उदाहरण पेशंटला द्यायचं नसतं. मला ललिताबाईंबद्दल फक्त डोळ्याला इजा करणारी ती थप्पड ठाऊक होती.

त्यानंतरचे पंधरा दिवस मी रात्री जेवणं झाली की त्यांचं काम बघत बसायची. आधी डॉक्टरी नजरेनेच बघत होते: डोळा किती उघडा, गाल किती हलतो. हळूहळू ती नजर सुटली.

बाई नाशिक जिल्ह्यातल्या येवल्याच्या, जन्म १९१६ चा. मूकपटांत लहान मुलगी म्हणून आल्या आणि नायिका झाल्या. १९३२ च्या 'कैलास' या मूकपटाच्या निर्मितीतही त्यांचा वाटा होता, म्हणजे सोळाव्या वर्षी. बोलपट आल्यावर स्वतः गात होत्या. हे आमच्या आजीला कुणी सांगितलं असतं तर तिला पटलं नसतं. १९४२ मध्ये 'जंग-ए-आझादी'च्या चित्रीकरणात मास्टर भगवान यांना त्यांच्या थोबाडीत मारायची होती. हात अंदाजापेक्षा फार जोरात बसला. चेहऱ्याची बाजू लुळी पडली, डाव्या डोळ्याला इजा झाली. उपचार लांबले आणि डोळा कायमचा बारीक राहिला. वय होतं सव्वीस. नायिकेची कामं संपली.

इथपर्यंतची गोष्ट सगळे सांगतात. पुढची यादी मात्र कुणी नीट सांगत नाही. १९४४ ला प्रभातच्या 'रामशास्त्री'त त्या आनंदीबाई होत्या. १९५५ मध्ये 'श्री ४२०'मधली केळी विकणारी गंगामाई केली आणि त्याच वर्षी 'मिस्टर अँड मिसेस ५५'मध्ये पुरुषांवर दात धरून बसलेली श्रीमंत आत्या. फूटपाथवरची एक, बंगल्यातली एक. १९५९ ला 'अनाडी'तली मिसेस डिसा: भाड्यासाठी खेकसणारी आणि त्याच दमात भाडेकरू पोराची आई होऊन बसलेली घरमालकीण. त्याबद्दल फिल्मफेअर मिळालं. १९६१ च्या 'जंगली'त न हसणारी आई. पुढच्याच वर्षी 'प्रोफेसर'मध्ये घरातल्या मुलींवर करडी नजर ठेवणारी बाई, जी म्हाताऱ्याच्या वेषातल्या शम्मी कपूरच्या प्रेमात पडते आणि लाजते. ते लाजणं मी तीन वेळा मागे नेऊन पाहिलं. १९७१ च्या 'आनंद'मध्ये पुन्हा डिसा, या वेळी दवाखान्यातली कडक मेट्रन. मंथरा तर त्यांनी दोनदा केली, १९६१ च्या 'संपूर्ण रामायण'मध्ये आणि सव्वीस-सत्तावीस वर्षांनी दूरदर्शनच्या 'रामायण'मध्ये. मूकपटापासून दूरदर्शनपर्यंत एकच चेहरा, आणि त्यातली चाळीसहून जास्त वर्षं त्या डोळ्यासकट.

मी ताईंना फोन केला. चुकले म्हटलं. त्या "बरं" म्हणाल्या आणि सोमवारी आल्या. त्या विषयावर दोघीही बोललो नाही.

आता तो दिवस. मार्चचा पहिला आठवडा, होळी जवळ आलेली. चार महिन्यांत ओठ बराच सुधारला होता, प-ब-फ नीट येत होते. पण एक नवीन गोष्ट सुरू झाली होती, जिची मला भीती होती. हसलं की डावा डोळा आपोआप बारीक होई. दुखावलेली नस दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढते आणि वाढताना काही तंतू चुकीच्या घरी जातात. ओठाकडे निघालेले डोळ्याला जाऊन मिळतात. मग तोंड हललं की डोळा मिटू बघतो. व्यायामाने हे कमी करता येतं, पण वेळ लागतो आणि थोडं मागे उरू शकतं.

त्या दिवशी ताई आल्या त्या संतापलेल्या. कंपनीवाल्याचा फोन आला होता. हंगाम संपत आलाय, चार नाईट आहेत, या म्हणून. "मले सासू देऊन रायले. छळणारी. म्हणे तुमचा डोळा आता त्या पार्टाले फिट बसते." बोलताना राग अनावर झाला आणि डोळा आणखी आवळला. त्यांनी झटकन पदर वर घेतला. मग खाली बसल्या, थोडं पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "दाखवा मले तुमची ललिता पवार."

मी टॅबवर 'अनाडी' लावला, लावता लावता 'प्रोफेसर'मधल्या त्या लाजण्याबद्दलही सांगितलं. ताईंनी टॅबशेजारी आपला हातातला आरसा उभा केला. एकदा तिकडे बघत, एकदा इकडे.

"यायचा तं उजवा डोळा बारीक हाय जी."

"नाही ताई, डावाच. त्या आपल्याकडे तोंड करून उभ्या आहेत, म्हणून त्यांचा डावा आपल्या उजव्या हाताला दिसतो. आरशात तुमचा डावा तुमच्या डाव्या हातालाच राहतो."

त्या थांबल्या. आरशात पाहिलं, पडद्यावर पाहिलं. "म्हंजे मी आरशात पाहतो ते पब्लिकले दिसतच नाही?"

"तसं नाही दिसत."

"मंग चार महिने मी कोणाचं तोंड पाहून रायलो?"

सोळा वर्षं मी पेशंटला आरशासमोर बसवते आहे. हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. उत्तरही माझ्याकडे नव्हतं.

त्यांनी आरसा पालथा घातला आणि मला आवाज बंद करायला सांगितला. नुसतं चित्र. मिसेस डिसा भांडते तो भाग, मग तिची माया दिसते तो भाग, पुन्हा भांडण. ताई पुढे वाकून बघत होत्या, ओठ नकळत हलत होते. मी त्यांच्याकडे पाहत होते. त्या आता चेहरा बघत नव्हत्या. एक नटी दुसऱ्या नटीचं काम बघत होती.

"बाई घाई करत नाही," त्या म्हणाल्या. "आधी मान फिरवते, मंग पाहते, मंग बोलते. पब्लिक त्या डोळ्याकडे पाहतपर्यंत ते थांबते. आणि लाड करते तवाबी डोळा तोच हाय, पण भेव नाही वाटत. काऊन? मान खाली हाय." स्वतःच उत्तर देऊन त्यांनी मान किंचित खाली करून दाखवली. "रागात हनुवटी वर. मायेत हनुवटी खाली. डोळ्याले काहीच नाही केलं बाईनं."

मी टॅब मागे नेला. खरंच तसं दिसत होतं. पंधरा रात्री मी डोळाच बघत होते आणि काम मानेत चाललं होतं.

मग त्या खुर्ची सरकवून माझ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. पदर कमरेला खोचला. "पोरा, माझ्या पदरानं पुसलेलं पाणी विसरू नको." आधी आई. आवाज खालून आला, मान झुकलेली, आणि वाक्याच्या शेवटी ओठाबरोबर डावा डोळा अर्धा मिटला. वाटलं, पाणी आवरते आहे. क्षणभर थांबल्या, हनुवटी उचलली आणि तेच वाक्य सासूच्या तोंडून आलं. डोळा तितकाच मिटला, तसूभरही कमी-जास्त नाही. मी मोजमाप करणारी बाई, मला ते स्पष्ट दिसत होतं. पण या वेळी माझ्या अंगावर काटा आला. शेजारच्या टेबलावरचे आजोबा गुडघ्यावरची पिशवी धरून उठून बसले होते.

माझ्या हातात त्या दिवसाचा कागद होता. त्यावर मी सकाळीच लिहून ठेवलं होतं: हसताना डावा डोळा मिटतो, मध्यम, सुधारणा हवी. ते मी खोडलं नाही, कारण ते खरं होतं आणि व्यायाम चालूच ठेवायचे होते. खाली एक ओळ वाढवली: आरशाशिवाय, समोर माणूस बसवून सराव. आता मी चेहऱ्याच्या प्रत्येक पेशंटला आठवड्यातून एकदा तसं करायला लावते.

ताईंनी तिथूनच कंपनीवाल्याला फोन लावला. स्पीकरवर नव्हता, पण त्यांचा आवाज मैदानाला सवयीचा, सगळ्यांना ऐकू गेला. सासू करतो म्हणाल्या. चारही नाईट. पण पैसे दिवाळीच्या आधी ठरले होते तेच, एक रुपया कमी नाही. आणि पुढल्या हंगामात आईचा पार्ट दुसऱ्या कोणाला द्यायचा नाही, आत्ताच शब्द द्या. पलीकडचा माणूस बराच वेळ काहीतरी समजावत होता. ताई मान वर करून ऐकत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "विचार करून सांगा. मी दवाखान्यात हावो, घाई नाही मले."

फोन ठेवून त्या पिशवी आवरायला लागल्या. मी म्हटलं, मैदानात धूळ फार असते, रात्रीचं जागरण, तो डोळा अजून पुरता मिटत नाही, थेंब विसरायचे नाहीत. त्यांनी पिशवीतून बाटली काढून मला दाखवली. दारापर्यंत गेल्या, पुन्हा वळल्या.

"मॅडम, ते म्हातारी लाजते म्हणे, प्रेमात पडते, तो पिक्चर कोणता म्हणाले होते तुमी?"