रेडिएटरवाल्याचं पोरगं (आमची वाटचाल)

धुळ्याला आग्रा रोडवर आमच्या अण्णांचं ट्रकचे रेडिएटर झाळायचं दुकान होतं. गळका रेडिएटर आला की तोंडं बंद करून टाकीत बुडवायचा, हवा मारायची आणि बुडबुडा कुठून येतो ते बघत बसायचं. अण्णा म्हणायचे, "पाणी खोटं बोलत नही पोऱ्या."

पुढे मी अवधान एमआयडीसीत गाळा घेतला, कर्ज काढून व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं धातू कोरायचं मशीन) बसवली, दोन-तीन वर्षं मिळेल ते जॉबवर्क केलं, पेमेंट अडकायचे ते जाऊ द्या. मग ओळखीतून कोल्ड प्लेटचं काम मिळालं. म्हणजे ॲल्युमिनियमची पाटी, आत नागमोडी नाल्या, त्यातून कूलंट फिरतं आणि वर बसवलेल्या इलेक्ट्रॉनिक्सची उष्णता घेऊन जातं. लढाऊ विमानात नुसत्या पंख्यावर भागत नाही, १८ हजार फुटांवर हवेचा दाब निम्म्यावर येतो, पंखा तेवढाच गरगरतो पण हवाच विरळ मग उष्णता नेणार कोण? रणगाड्यात वेगळीच भानगड, धूळ! ती काय असते हे आम्हाला कोणी सांगायला नको. म्हणून तिथे डबाच सीलबंद ठेवतात, आतली इलेक्ट्रॉनिक कार्डं वेजलॉकने, म्हणजे पाचरीसारख्या पट्टीने, भिंतीला घट्ट आवळतात, उष्णता धातूतूनच बाहेरच्या फिन्सपर्यंत (पातळ पात्यांपर्यंत) जाते.

पहिला लॉट अख्खा परत आला. एका वळणावर बर, म्हणजे कापताना धातूला राहते ती कुसळ, राहिली होती, तांदळाच्या कणीएवढी, तिथे फ्लो तुंबला. माल ६०६१ चा (ॲल्युमिनियमचा मिश्रधातू), सगळा आमच्या खिशातून गेला. आता झाकण बसायच्या आधी दोन जण टॉर्च लावून प्रत्येक नाली बघतात, कारण ब्रेझिंग, म्हणजे झाकण झाळून जोडणं, झालं की आत बघायची सोय नाही. ब्रेझिंग बाहेरून करून आणतो, ते नाजूक काम आहे, जोडाचा धातू वितळतो आणि थोडं तापमान चढलं तर प्लेटच वितळायला लागते.

मग हेलियम टेस्ट, म्हणजे हेलियम वायू कुठून झिरपतो का ते मशीनवर बघायचं, बुडबुड्यात न दिसणारी गळतीही त्यात सापडते. ती पाण्याच्या आधीच करायची, नाहीतर बारीक भोकात पाणी बसतं आणि गळती लपते. अण्णांना हे अजून पटलेलं नाही. मागच्या महिन्यात एक प्लेट हेलियमला फेल झाली, अण्णांनी ती जुन्या टाकीत बुडवायला लावली, चष्मा पुसून अर्धा तास स्टुलावर बसले. एक बुडबुडा आला नाही.

"मशीन बिघडेल शे तुनं," म्हणाले, आणि चहा मागवला.